जिद्द असली की ४२ किमी होतंच काय?

उद्यमबागचा फिटर:
काल इथं एका पोस्टमध्ये एकानं लिहिलं, "सामान्य माणसाला मॅरेथॉनसाठी फक्त जिद्द लागते, बाकी सगळे बहाणे." पुरावा म्हणून क्लिफ यंगचा तो फिरता मेसेज. ऑस्ट्रेलियातला ६१ वर्षांचा बटाटे पिकवणारा शेतकरी, १९८३ साली सिडनी-मेलबर्न ८७५ किमीच्या शर्यतीत सरळ शेतातून येऊन उतरला आणि जिंकला म्हणे. सरळ शेतातून? आदल्याच वर्षी तो हजार मैलांच्या विक्रमामागं लागला होता आणि आठशे किमीच्या पुढं जाऊन थांबला होता. त्याआधीची कैक वर्षं मेंढरांमागं पळण्यात गेलेली. ते सगळं गाळायचं आणि फौंड्रीतून नाईट करून सकाळी घरी येणाऱ्या पोराला सांगायचं, तुझ्यात जिद्द नाही. त्याच्यात जिद्द आहे ओ, त्याला झोप नाही.

कॅम्पातला पहाटवाला:
ती पोस्ट माझीच. फिटरदादा, तयारी बाकीच्यांचीही होती, आणि ते तरुण होते. पहिल्या रात्री ते झोपेत असताना हा पुढं निघून गेला. ५ दिवस १५ तासांत पोचला. याला जिद्द नाही तर काय म्हणायचं? मला शुगर निघाली तेव्हा एका लाईटच्या खांबापासून दुसऱ्यापर्यंत पळताना धाप लागायची. तेव्हा कुठली तयारी होती माझी?

खानापूरची सून:
तुमची जिद्द फी भरल्यावर सुरू होते आणि मेडल मिळाल्यावर संपते. आमच्या सासूबाई पेरणी उरकून पंढरीला चालत जायच्या. परत आल्या की कोकमाचं तेल गरम करून त्यांच्या टाचांच्या भेगांत मी भरायची. त्यांचा फोटो कुणी काढला नाही.

जांबोटीचा सायकलस्वार:
ताई, आदर आहे, पण वारीची गोष्ट वेगळी. मुक्काम असतो, दिंडीची सोबत असते, वेळेचं बंधन नसतं. ब्रेव्हेमध्ये, म्हणजे ठरल्या वेळेत पुरी करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल राईडमध्ये, २०० किमीला साडेतेरा तास, मिनिटभर उशीर झाला तरी यादीत नाव नाही.

खानापूरची सून:
वेळेचं बंधन नाही? एकादशी तुमच्यासाठी थांबते काय? पायाला फोड, वरून पाऊस, आणि दिंडी पुढं गेली की मागं राहिलेल्या म्हातारीला कोण विचारतंय? आधी चालून बघा, मग सोपं म्हणा.

जांबोटीचा सायकलस्वार:
सोपं म्हटलंच नाही मी. एकादशीचं मान्य, ते माझ्या लक्षात यायला हवं होतं. पण पहाटवाल्यांना एक सांगतो. आमच्यातला एक जण चोर्ला घाटाच्या चढाला थांबायचं नाही म्हणून हट्टाला पेटला. मीठ नाही, खाणं नाही, नुसतं पाणी ढोसत राहिला. वर पोचल्यावर ओकाऱ्या, आणि बोलणं असंबद्ध. रक्तातलं सोडियम उतरलं होतं. "सोडू नकोस, सोडू नकोस" म्हणत आम्हीच त्याला वर नेला होता.

कॅम्पातला पहाटवाला:
बरं, खाण्यापिण्याचं आणि सरावाचं मी लिहायला हवं होतं. तिसाव्या किलोमीटरनंतर अंगात साठवलेली साखर संपत येते, तिथं नुसत्या मनाचं चालत नाही, हे सोसलंय मी. पण पहाटे पाचला अंथरुणातून कोण उठवतं? तिथं जिद्दच लागते. यावर मागं हटणार नाही.

खानापूरची सून:
पाचला आम्ही उठतोच. पाणी भरायला, डबे करायला. मीही पळायला गेले होते. अंधारात मागं कुत्री लागली, आणि टपरीवरच्या टोळक्यानं जे ऐकवलं ते इथं लिहिता येत नाही. घरी कळलं, बंद झालं. बाईनं पहाटे कुठल्या रस्त्यावर पळायचं ते आधी सांगा, मग जिद्दीचं बोलू.

उद्यमबागचा फिटर:
ताई, माझी बायको संध्याकाळी शाळेच्या मैदानावर चालते. शेजारच्या चौघीजणी असतात, गेटला वॉचमन असतो. आमच्या भागात येणार असाल तर कळवा, तिला सांगून ठेवतो. पहाटवाले, तुमच्या पहाटे पळणाऱ्या ग्रुपात बायका किती आहेत?

कॅम्पातला पहाटवाला:
एकही नाही.