'रिकॅल्सिट्रंट' आणि शिस्तीला दाद न देणाऱ्यांसाठीचे शब्द: अनुभव धागा

शिकवणं किंवा शिस्त न मानणाऱ्यासाठी इंग्रजीत बरेच शब्द आहेत. ते मुलांच्या डोक्यात पक्के कसे बसवायचे, हे ठाणे-नवी मुंबईतल्या जाणकारांनी लिहावं.

कोपरखैरणे, इंग्रजीची शिकवणी
'रिकॅल्सिट्रंट' म्हणजे हट्टाने न ऐकणारा. त्याचा आधी उच्चार घ्या. जोर 'कॅल'वर. आपली मुलं सगळी अक्षरं सारख्याच जोराने म्हणतात, मग ऐकणाऱ्याला शब्द लागत नाही. स्पेलिंगात 'सी' दोनदा: पहिल्याचा क, दुसऱ्याचा स. दुसऱ्या 'सी'च्या जागी 'एस' आणि शेवटी 'एएनटी'ऐवजी 'ईएनटी', या चुका ठरलेल्या. लॅटिनमध्ये 'काल्क्स' म्हणजे टाच, त्यावरून लाथा झाडणं. धार काढायला बसलं की पाय झाडणारी लाथाळ म्हैस सांगा, अर्थ पुन्हा विचारावा लागत नाही. टाचेच्या हाडाचं 'कॅल्केनियस' हे नावही त्याच मुळातलं.

एक कळकळीने सांगते: ज्याला धडा कळत नाही, त्या मुलाला हा शब्द लावू नका. कळूनही जो ऐकत नाही, त्याचाच तो. प्रगतिपुस्तकात तर फार जपून.

रबाळे, भट्टीचं काम
आमच्याकडे 'रिफ्रॅक्टरी' रोजचा. भट्टीच्या आतून लावतात त्या विटा, उष्णतेला दाद न देणाऱ्या. डॉक्टर तोच शब्द औषधाला दाद न देणाऱ्या आजाराला वापरतात, आणि माणसाला लावला की शिस्तीला दाद न देणारा. 'दाद न देणारा' एवढं धरलं की तिन्ही अर्थ सुटतात.

ऐरोली, रोपवाटिका
बियाण्यांतही 'रिकॅल्सिट्रंट' आहे. ई. एच. रॉबर्ट्स यांनी १९७३ मध्ये बियांचे दोन गट केले. भात, गहू सुकवून थंडीत वर्षानुवर्षं टिकतात, ते 'ऑर्थोडॉक्स'. आंबा, फणस आणि आपल्या खाडीकाठची तिवर सुकवली की मरतात, ते 'रिकॅल्सिट्रंट'. आंब्याचा बाठा उन्हात वाळवून, डब्यात भरून ठेवला तर तो रुजत नाही. गर काढून धुवा, वरचं कवच अलगद सोडवा आणि ताजाच लावा.

नौपाडा
'डोसाइल' म्हणजे सहज शिकवता येणारा, मूळ लॅटिन 'शिकवणं', 'डॉक्टर'ही तिथलाच. उलट 'इनडोसाइल', पण तो आता क्वचितच दिसतो. निबंधात वर्गातल्या गोंधळाबद्दल लिहायचं असेल तर सरळ 'अनरुली' (बेशिस्त) लिहा.