मदत हवी आहे: साकुरा फुलण्याआधीच्या दिवसांना शोभतील अशी व्होकॅलॉइड गाणी

नमस्कार मंडळी,

आम्ही तोक्योच्या एदोगावा भागात राहतो. माझी मुलगी येत्या मार्चमध्ये सहावी पूर्ण करून प्राथमिक शाळेचा निरोप घेईल. त्याआधी, 9 मार्चला, तिच्या चार मैत्रिणी आमच्याकडे येणार आहेत. जपानीत तीनला ‘मि’ आणि नऊला ‘कु’ असेही वाचता येत असल्यामुळे हात्सुने मिकूचे, म्हणजे व्होकॅलॉइड या संगणकावर गाणे गाऊन घेणाऱ्या प्रणालीतल्या एका आवाजाचे, चाहते हा दिवस तिचा म्हणून साजरा करतात. त्या दुपारसाठी दहाबारा गाणी निवडण्याचे काम मुलीने माझ्यावर सोपवले असून तिची अट एकच आहे: गाणी आत्ताच्या दिवसांची हवीत, एप्रिलची नकोत.

या अटीनेच माझी अडचण केली आहे. जपानी पंचांगाप्रमाणे वसंत 4 फेब्रुवारीच्या सुमारास सुरू होतो, पण तोक्योत साकुरा, म्हणजे चेरीची फुले, उमलण्याची सरासरी तारीख 24 मार्च आहे. मधल्या सहासात आठवड्यांना जपानीत ‘सोशुन’ म्हणतात. आपल्याकडे हेच दिवस माघ-फाल्गुनाचे, म्हणजे शिशिराचे, त्यामुळे मराठीत मला यासाठी नेमका शब्द सापडलेला नाही. उमे, म्हणजे जपानी प्लमचे झाड, फुललेला असतो, सकाळी हात गारठतात, आणि एखाद्या दिवशी दक्षिणेकडून जोराचा उबदार वारा सुटतो, त्याला ‘हारु-इचिबान’ म्हणतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा थंडी पडते. मला या मागेपुढे होणाऱ्या हवेची गाणी हवी आहेत.

शोधताना मात्र ‘वसंत’ म्हटले की साकुराच समोर येतो. हारुयोशी यांचे 2008 सालचे ‘साकुरा नो आमे’ मला मनापासून आवडते. मिकूच्या आवाजातले ते गाणे पुढे शाळाशाळांच्या निरोप समारंभांत समूहस्वरात गायले जाऊ लागले, आणि आमच्या यादीत ते शेवटी असणारच आहे. पण पाकळ्यांचा पाऊस हे त्याचे मूळ चित्र आहे, त्यामुळे ते 9 तारखेपेक्षा महिनाअखेरीचे गाणे वाटते. कुरोउसा-पी यांचे 2011 चे ‘सेन्बोन्झाकुरा’ नावात हजार साकुरा घेऊन येते, पण त्याचा वेग आणि आवेश पाहता ते मला ऋतूचे गाणे वाटतच नाही. त्या मानाने जॉन यांचे 2019 चे ‘हारु-आराशी’, म्हणजे वसंतातले वादळ, निदान नावाने तरी वाऱ्याच्या दिवसांच्या जवळ जाते. माझी यादी सध्या इथेच थांबली आहे.

ऋतू जागेप्रमाणे बदलतो, हेही शोधताना प्रकर्षाने जाणवले. मिकूचा आवाज 2007 मध्ये बाजारात आणणारी क्रिप्टन ही कंपनी उत्तर जपानमधल्या साप्पोरोची आहे, आणि तिथे साकुरा सरासरीने 1 मेला उमलतो. साप्पोरोच्या हिम महोत्सवात 2010 पासून बर्फातली ‘युकी मिकू’ दिसू लागली; तो महोत्सव भरतो तेव्हा पंचांगात वसंत नुकताच लागलेला असतो आणि रस्त्याकडेला बर्फाचे ढीग असतात. म्हणजे साप्पोरोत राहणाऱ्या रचनाकाराचा सोशुन हा बर्फ वितळण्याचा, चिखलाचा, छपरावरून ठिबकणाऱ्या पाण्याचा असणार. होक्काइदो किंवा तोहोकू या उत्तरेकडच्या भागांतल्या रचनाकारांनी असा काळ गाण्यात आणला असेल, तर ती गाणी मला सर्वांत आधी ऐकायची आहेत.

चालीविषयीही थोडे सांगते. मिकूच्या आवाजासाठी कंपनीने सुचवलेली लय मिनिटाला 70 ते 150 ठोक्यांची आहे. मला त्यातली संथ बाजू, साधारण शंभराच्या आतली, अधिक हवी आहे. रचनाकाराने एकेक अक्षर आणि सूर स्वतः मांडून घडवलेल्या या आवाजात श्वासाची ऊब कमी असते, आणि मोजक्या पियानोबरोबर तो ऐकला की मला फेब्रुवारीतल्या स्वच्छ, गार सकाळची आठवण होते. तीच वाद्ये दाटली की हा गुण हरवतो, असा माझा अनुभव आहे. सगळी यादी एकाच आवाजाची होऊ नये म्हणून 2009 साली आलेल्या मेगुरिने लुकाच्या काहीशा खालच्या पट्टीतली दोनतीन गाणी मिळाली तर फार बरे होईल. काइतो किंवा गुमी यांचीही चालतील.

ऐकणाऱ्या मुली बारा वर्षांच्या आहेत, हे कृपया ध्यानात घ्यावे. निरोपाचे दुःख असायला हरकत नाही, ते त्यांना या महिन्यात असणारच आहे. पण ज्या गाण्यांत मृत्यू किंवा स्वतःला इजा करून घेण्याचा विषय आहे, ती कितीही सुरेल असली तरी मला टाळायची आहेत. माझे जपानी बोलण्यापुरते बरे आहे, मात्र गाण्यातला आडवळणाचा अर्थ कधीकधी निसटतो, म्हणून जाणकारांनी गाण्याच्या आशयाविषयी एखादे वाक्य लिहिले तर मोठी मदत होईल.

आपण सुचवाल त्या गाण्याचे नाव, रचनाकार आणि आवाज यांबरोबर ते आपल्याला कोणत्या ओळीमुळे किंवा कोणत्या स्वरामुळे या दिवसांचे वाटले, तेही अवश्य सांगावे. निकोनिको या व्हिडिओंच्या संकेतस्थळावर ‘उमे’, ‘उरलेला बर्फ’ किंवा ‘दक्षिणेचा वारा’ या अर्थाचे जपानी शब्द टाकून कुणी शोध घेतला असल्यास नेमके कोणते शब्द उपयोगी पडले, हेही मला हवे आहे. 5 मार्चपर्यंत आलेली प्रत्येक सूचना आम्ही मायलेकी एकत्र बसून ऐकू, आणि कोणती गाणी ठरली ते इथेच कळवीन.