मदत हवी आहे: स्ट्रॅटफर्ड-अपॉन-एव्हनचे मध्ययुगीन प्लॉट कसे ओळखावेत?

मंडळी, स्ट्रॅटफर्ड म्हणजे इंग्लंडमधलं शेक्सपिअरचं जन्मगाव, पण मला शेक्सपिअर नको आहे! मला त्याच्या साडेतीनशे वर्षं आधीचं स्ट्रॅटफर्ड हवंय.

1086च्या डूम्सडे नोंदीत (इंग्लंडच्या राजाने करवून घेतलेली जमीन-मालमत्तेची पाहणी) इथे वूस्टरच्या बिशपची जहागीर दिसते. गिरणीचा वार्षिक वसूल 10 शिलिंग आणि वर 1000 वाम मासे! 1196 मध्ये बिशप जॉनने इंग्लंडचा राजा पहिल्या रिचर्डकडून आठवडी बाजाराची सनद मिळवली आणि आखून पेठ वसवली. प्रत्येक प्लॉट 12 पर्च (लांबीचं जुनं इंग्रजी माप) लांब, साडेतीन पर्च रुंद, भाडं वर्षाला 1 शिलिंग. म्हणजे साधारण 60 मीटर बाय साडेसतरा. जुनं चर्च मात्र या आखणीच्या बाहेरच, दक्षिणेला राहिलं.

मी नकाशा काढतोय. ऑनलाइन नकाशावर दुकानांची दर्शनी रुंदी मोजली, पण बहुतेक दुकानं साडेसतरा मीटरपेक्षा बरीच अरुंद निघतात. प्लॉटचे पुढे तुकडे पडले हे उघड आहे, पण कुठल्या भिंतीवर मूळ हद्द होती ते कळत नाही. एकोणिसाव्या शतकातले ऑर्डनन्स सर्व्हेचे (ब्रिटनची सरकारी नकाशा संस्था) नकाशेही पाहिले. मागच्या परसांच्या लांब रेषा दिसतात, पण त्यातल्या जुन्या कुठल्या?

तिथे जाणं शक्य नाही, लॅटिन येत नाही, आणि पैसे भरून वाचायचे शोधनिबंध परवडणारे नाहीत. बिशपच्या इथल्या भाडेकरूंची 1252ची एक यादी आहे, तिचं इंग्रजी भाषांतर फुकट कुठे वाचता येईल? आणि वॉरिकशरकडे (स्ट्रॅटफर्डचा परगणा) राहणाऱ्यांपैकी कुणी सांगेल का, हेन्ली स्ट्रीट किंवा शीप स्ट्रीटवर पूर्ण साडेतीन पर्च रुंदीचा एखादा प्लॉट आजही अखंड दिसतो का?