'इन कॅमेरा'ला मराठीत काय म्हणावं?

(एका गटावरची चर्चा. प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

गुरुवार

आमच्या तालुक्याच्या गावी दर गुरुवारी दुपारी शाळेच्या एका खोलीत बायकांची बैठक भरते. सगळ्यांचं दुखणं एकच, घरातल्या माणसाची दारू. बारा-पंधरा जणी येतात, बोलतात, रडतात, चहा पिऊन घरी जातात. मागे एकदा ओळखीतला एक वार्ताहर 'नुसता ऐकतो' म्हणून येऊन बसला. त्या दिवशी पाऊसपाण्यापलीकडे कुणी तोंड उघडलं नाही. म्हणून दाराला पाटी लावायचं ठरलं. आमच्यातल्या निवृत्त शिक्षिकेने फळ्यावर लिहिलं, 'ही बैठक इन कॅमेरा आहे.' म्हणजे बंद दाराआड, बाहेरच्यांनी येऊ नये.

पुढच्या गुरुवारी एक नवी बाई दारापर्यंत आली, वाचलं, आणि मागे फिरली. गाठून विचारलं तर म्हणाली, "शूटिंग असतंय व्हय तुमच्यात? मला न्हाई जमायचं."

तर या पाटीसाठी एक सरळ मराठी शब्द सुचवा. दुसरं असं, की काही जणी म्हणतात 'फक्त नोंदणीकृत सदस्यांसाठी' लिहू. ते मला खटकतंय. का खटकतंय, ते नीट सांगता येत नाही.

काळा कोट

त्या बाईचं काही चुकलं नाही, चूक आपल्या वर्तमानपत्रांची आहे. एकाच पानावर 'पीडितेची साक्ष इन कॅमेरा' आणि 'इन कॅमेरा शवविच्छेदन' अशा दोन बातम्या मी वाचलेल्या आहेत. पहिलीत दार लावलेलं असतं, दुसरीत चित्रीकरण चालू असतं. अर्थ एकमेकांच्या अगदी उलट. पंचनामे, सोडती, सगळंच हल्ली 'इन कॅमेरा' होतं, म्हणजे व्हिडिओ काढून.

मूळ लॅटिन 'कामेरा' म्हणजे कमानदार छताची खोली. 'इन कॅमेरा' म्हणजे न्यायाधीशांच्या खोलीत, खुल्या दालनात नव्हे. फोटो काढायचं यंत्रही त्याच खोलीतून आलं. 'कॅमेरा ऑब्स्क्युरा' म्हणजे अंधारी खोली, आणि पुढे ती खोली लहान होत होत डबी झाली. हिंदीतला 'कमरा' पोर्तुगीजांकडून आलेला, तोही याच कुळातला.

कायद्याचं म्हणाल तर नियम उघड्या दाराचा आहे. १९७३च्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ३२७ सांगत होतं की न्यायालय खुलं राहील आणि जागेत सोयीने मावतील तेवढ्या लोकांना आत येता येईल. (आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३६६.) बलात्काराचे खटले बंद दालनात चालवायची तरतूद तिथे १९८३ मध्ये आली, आणि तिचा उगम आपल्याकडचा आहे. १९७२ मध्ये विदर्भातल्या देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. पुढे सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पोलिसांना निर्दोष सोडलं. त्यावर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या चार कायद्याच्या प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. त्यातून आंदोलन उभं राहिलं आणि कायदा बदलला. गंमत बघा, हे बंद दार एका खुल्या पत्राने आणलं.

शुद्धमती

एवढं सगळं कशाला? 'गुप्त बैठक' लिहा. दोन शब्द, स्वच्छ मराठी.

गुरुवार

ताई, गावात 'गुप्त बैठक' अशी पाटी लावली तर संध्याकाळपर्यंत पोलीस पाटील चौकशीला येतील.

पोथीवाला

हसू नका, मुद्दा खरा आहे. आत बसून बोलण्याचे आपले बहुतेक शब्द संशयाने काळवंडलेले आहेत. 'खलबत' घ्या. मूळ अरबी 'खल्वत' म्हणजे एकांत, सूफी साधक चिंतनाला बसतो तो. रायगडावर खलबतखाना दाखवतात, म्हणजे मसलतीची जागा. आणि आज 'खलबतं' कोण करतं? तिकीट कापलेले नेते. (खलबत्त्याशी त्याचा संबंध नाही, दर वेळी कुणीतरी विचारतंच.)

'खासगी'चीही तीच कथा. 'खास' म्हणजे धन्याचं स्वतःचं. होळकरांकडे खासगीचा हिशेब वेगळा आणि दौलतीचा, म्हणजे राज्याचा, वेगळा. अहिल्याबाईंच्या दानधर्माचा मोठा खर्च खासगीतून झाला. आज 'खासगी दवाखाना' म्हणजे पैसे मोजेल त्या कुणालाही उघडा असलेला दवाखाना. पाटीवर 'खासगी' लिहिलंत तर बायका फी विचारतील.

राहिला 'षट्कर्णी'. सहा कानी गेलेली मसलत फुटते, चार कानी टिकते, असं संस्कृत वचन आहे. म्हणजे दोघांपुरतंच गुपित. तुमच्या खोलीत तीस कान आहेत, तेव्हा ते गुपित नव्हेच. तुम्हाला हवाय तो शब्द वेगळ्या गोष्टीचा आहे.

चार वाटा

मी तळकोकणातला. 'चव्हाट्यावर आणणे' म्हणजे बदनामी, हे पुस्तकात वाचलं तेव्हा मला नवल वाटलं होतं. चार वाटा मिळतात तो चव्हाटा. आमच्याकडे ते देवस्थानही असतं. गावकरी तिथे जमतात, उभ्याने गाऱ्हाणं घालतात. घरातलं दुखणं, हरवलेलं जनावर, भावाभावांतला तंटा, सगळं मोठ्याने, गावासमोर. त्यात लाज नसते. उलट तिथे बोललं की ते देवाचं आणि गावाचं होतं, एकट्याचं राहत नाही.

म्हणून मला विचाराल तर दार उघडं ठेवा. दारू पिणाऱ्याने लाजावं. बायकोने का दार लावून बसायचं?

गुरुवार

भाऊ, पटतं. पण तुमच्या चव्हाट्यावर गाऱ्हाणं घालणारा बहुधा पुरुष असतो आणि रात्री त्याला मार खावा लागत नाही. आमच्यातल्या एकीचं बोलणं बाहेर गेलं होतं. आठवडाभर ती बैठकीला दिसली नाही. आली तेव्हा हात गळ्यात बांधलेला होता.

चार वाटा

मान्य. हे माझ्या ध्यानात आलं नाही.

शुद्धमती

मग 'माजघर' कसं वाटतं? ओसरीवर कुणीही येऊन बसतं, माजघरात घरचीच माणसं. 'ही माजघरातली बैठक आहे.' शब्द उबदार आहे, बायकांचाही आहे.

गुरुवार

काल हा शब्द बैठकीत बोलून पाहिला. एक आजी आहेत, सत्तरीच्या. म्हणाल्या, "माजघरातलं माजघरात राहू दे, हे सासूनं मला चाळीस वर्सं सांगितलं. आता तुमीबी तेच सांगताय?" पुढे कुणाला काही बोलता आलं नाही.

तेव्हा मला लक्षात आलं काय खटकतंय ते. घरातलं घरात, झाकली मूठ, अळीमिळी गुपचिळी, वाच्यता नको, बोभाटा नको. आपल्या भाषेत बात आत ठेवायचे जेवढे म्हणून शब्द आहेत, ते सोसणाऱ्याला गप्प बसवायला वापरून झालेत. आम्ही दार लावतो ते बोलता यावं म्हणून. आणि दार लावायचा शब्द मात्र तोंड बंद करणारा मिळतो.

पोथीवाला

'आडोसा' बघा. 'आडपडदा' म्हणजे लपवणं, पण 'आडोसा' म्हणजे वाऱ्यापावसापासून राखणं. दिव्याला हाताचा आडोसा करतात तो ज्योत लपवायला नव्हे, ती विझू नये म्हणून. मला तरी मराठीतला हा एकच शब्द असा दिसतो, ज्यात झाकणं आणि जपणं एक आहे आणि वळचणीला संशय नाही.

काळा कोट

शब्द सुंदर, पण 'आडोशाला जाऊन येतो' हे कशासाठी म्हणतात ते विसरू नका. शाळेच्या दारावर 'आडोसा' अशी पाटी लागली तर मुलं वेगळाच उपयोग करतील.

पोथीवाला

हे खरं. पाटीचा विचार मागे घेतो. शब्दाचं प्रेम राहू द्या.

दुसरा चहा

मी इतके दिवस नुसती वाचत होते. माझे वडील पिणारे होते, म्हणून या विषयातलं थोडं ठाऊक आहे.

'अल्कोहोलिक्स अनॉनिमस' १९३५ मध्ये अमेरिकेतल्या ॲक्रनला सुरू झालं. त्यांच्यात खुल्या सभा असतात आणि बंद सभाही. खुलीला कुणीही बसावं. बंद सभा फक्त पिण्याचा प्रश्न असलेल्यांसाठी. पण दार लावलेलं असूनही तिथे नोंदवही नसते. आडनाव कुणी विचारत नाही. सदस्य व्हायला एकच अट, दारू सोडायची इच्छा. घरच्यांसाठी १९५१ पासून 'अल-अनॉन' आहे, तिथेही नोंदवही नाही की आडनाव नाही.

गुरुवारताई, 'नोंदणीकृत' तुम्हाला का खटकलं ते बहुधा यातच आहे. वार्ताहर बाहेर ठेवायला तुम्ही वही ठेवाल. वार्ताहर काय, खोटं नाव लिहूनही येईल. ती फळा वाचून परत गेलेली बाई मात्र वही बघून कधीच येणार नाही. आपल्याकडे 'नोंद' होते ती पोलीस ठाण्यात, तलाठ्याकडे, दवाखान्यात. आणि ती वही उद्या कुणाच्या नवऱ्याच्या हाती लागली तर?

माझं मत विचाराल तर दार लावावं, जरूर लावावं. नावं लिहू नयेत. आत कोणी यावं हे तिच्या दुखण्यावरून ठरू दे, वहीवरून नको.

काळा कोट

याला दुजोरा. शब्दाचाही तिढा इथेच सुटतो. आपल्या ग्रामपंचायत कायद्यात ग्रामसभेआधी गावच्या महिलांची वेगळी सभा घ्यायची तरतूद आहे. पुरुषांसमोर बायका बोलत नाहीत, म्हणूनच ती. तिला कुणी 'गुप्त' म्हणत नाही, 'बंद' म्हणत नाही. म्हणतात 'महिला सभा'. दाराचं नाव सांगायचं नाही, आत कोण बसलंय त्याचं सांगायचं. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात व्यसनी रुग्णांच्या पत्नींच्या गटाला 'सहचरी' म्हणतात, तेही याच वळणाचं.

शुद्धमती

आणि 'सदस्य'पेक्षा 'सभासद' बरा, असं सुचवते. 'सद्' म्हणजे बसणे हे दोन्हींत आहे, पण यात सभाही ऐकू येते. जी सभेत येऊन बसली ती सभासद. वही लागत नाही.

गुरुवार

सगळ्यांना धन्यवाद. 'इन कॅमेरा' काल पुसलं. आजींनीच मजकूर सांगितला, शिक्षिकाबाईंनी लिहिला:

'घरच्याच्या दारूनं गांजलेल्या बायांनी आत यावं. नाव सांगावं लागत नाही. इथलं बोलणं आमी बाहेर बोलत न्हाई.'

शिक्षिकाबाईंना 'आमी' आणि 'न्हाई' शुद्ध करायचं होतं. आजी नको म्हणाल्या.

शुद्धमती

आजींचं बरोबर आहे. फक्त 'बायांनी' की 'बायकांनी', यावर मला बोलायचंय. 'बायका' म्हटलं की कुणाच्या तरी बायका असा वास येतो, आणि तुमच्यात आया असतील, बहिणी असतील, 'दुसरा चहा' या ताईंसारखी एखादी लेक असेल. 'बाया' राहू द्या.

चार वाटा

आणि पाटी जरा खाली लावा. डोक्यावर पदर घेतलेली बाई मान वर करून वाचत नाही.