हॉवर्ड जोन्स बौद्ध आहे म्हणजे नेमका कोणता?

कीबोर्डवाला, सांगली
सर्वांना जय भीम. भीमगीतांच्या गायन पार्टीत मी कीबोर्ड वाजवतो. मागच्या १४ एप्रिलला मिरजेचा कार्यक्रम उरकल्यावर साऊंडवाल्या दादांनी पेनड्राइव्हवरून हॉवर्ड जोन्स ऐकवला. इंग्लंडचा गायक. १९८४ साली त्याचा पहिलाच अल्बम, 'ह्यूमन्स लिब', तिकडे एक नंबरला गेला. सुरुवातीला तर बँडसुद्धा नाही, एकटा माणूस सिंथेसायझर आणि ड्रम मशीन घेऊन उभा. सोबत फक्त एक मूकाभिनय करणारा. मी चार दिवस दुसरं काही वाजवलं नाही.

मग कळलं, तो बौद्ध आहे. आजीला सांगितलं तर तिनं विचारलं, "मग तो त्रिशरण म्हणतो का रे?" मला काही सांगता येईना.

मिरजेचा वाचक
जय भीम. तो जपानी निचिरेन परंपरेतला, सोका गाक्काई या बौद्ध संघटनेचा. त्यांचा जप 'नाम म्योहो रेंगे क्यो'. आजीला सांग, 'नाम' म्हणजे आपलं नमो. पुढचं सगळं सद्धर्मपुंडरीक सूत्राचं जपानी नाव आहे, 'रेंगे' म्हणजे कमळ. तेराव्या शतकात निचिरेन या भिक्खूनं हा जप सुरू केला. बाबासाहेबांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञा तिकडे नाहीत, वाट वेगळी आहे. पण बुद्ध तोच. जॅझवाला हर्बी हॅनकॉकही याच परंपरेतला. १९८५ च्या ग्रॅमीला स्टीव्ही वंडर, थॉमस डॉल्बी आणि हे दोघे एकत्र सिंथेसायझर वाजवत होते.

तासगावकर
त्याच वर्षीचा १३ जुलैचा लाइव्ह एड बघ, दुष्काळग्रस्तांच्या मदतीसाठीचा मोठा संगीत कार्यक्रम. वेम्ब्लीचं स्टेडियम खच्चून भरलेलं आणि हॉवर्ड नुसत्या पियानोवर 'हाइड अँड सीक' गातोय. मशीन एकही नाही. पुढं मोठ्या कंपनीनं सोडल्यावर त्यानं स्वतःचं लेबल काढलं आणि गात राहिला. मला त्याचं हेच मोठं वाटतं.

कीबोर्डवाला, सांगली
दोघांचेही मनापासून आभार. लाइव्ह एड आजीला मोबाईलवर दाखवला. तिनं चष्मा लावून शेवटपर्यंत पाहिला आणि म्हणाली, "आवाजात खोटं नाही." आता बुद्धवंदनेच्या आधी ढोलकी, ऑक्टोपॅड सगळं थांबवून एक मिनिट फक्त पियानोचा टोन लावायचा, असं मनात आहे. ढोलकीवाला अजून तयार नाही. रविवारच्या तालमीला परत विचारतो.