मदत हवी आहे: निनावी ईमेल पाठवायचाय, कुणी पाठवला ते कळू नये

मंडळी, नवीन आयडी काढून विचारतोय, समजून घ्या. मी एका कारखान्यात अकाउंट्सला आहे. ४०० जोड सेफ्टी शूजचं बिल पास झालं आणि पोरं अजून फाटक्या बुटांत मशीनवर उभी आहेत. गेटची आवक वही बघितली तर माल आत आलेलाच नाही. हेड ऑफिसला तक्रारीसाठी एक ईमेल आहे तिथं कळवायचंय, पण घराचे हप्ते चालू आहेत हो.

जीमेल काढायला गेलो तर मोबाईल नंबर मागतंय. प्रोटॉन नावाच्या ईमेल सेवेवर नंबर न देता खातं निघालं, पण मग वाचलं की २०२१ मध्ये त्यांनी फ्रान्समधल्या एका आंदोलकाचा आयपी (इंटरनेट जोडणीचा पत्ता) सरकारला दिला, तेव्हापासून पोटात गोळा आलाय. मेलसोबत जी लपलेली तांत्रिक माहिती जाते, त्या हेडरमधून माझा आयपी जातो का? आणि बिलाचा मोबाईलवर काढलेला फोटो तसाच जोडू का?

प्रतिसाद १:
ब्राउझरमधून जीमेल किंवा प्रोटॉन वापरलंत तर समोरच्याला हेडरमध्ये त्यांच्या सर्व्हरचा आयपी दिसतो, तुमचा नाही. आउटलूक, थंडरबर्डसारख्या मेल अॅपमधून पाठवलंत तर काही ठिकाणी तुमचाही जातो. प्रोटॉनच्या त्या केसमध्ये स्विस सरकारचा आदेश होता, तुमचा मॅनेजर तो कुठून आणणार? तरी टॉर ब्राउझर घ्या, तो तुमचा आयपी लपवतो, खातं पण त्यातूनच काढा, घरून, ऑफिसचं वायफाय चुकूनही नको. २०१३ मध्ये हार्वर्डच्या एका पोराने परीक्षा टळावी म्हणून टॉरमधून बॉम्बची खोटी धमकी मेल केली. टॉर फुटलं नाही, पण कॉलेजच्याच वायफायवर त्या वेळी टॉर कोण वापरत होतं ते बघितलं आणि गडी सापडला.
फोटो तसाच नको, त्यात लोकेशन, वेळ, फोनचं मॉडेल सगळं असू शकतं. पण ते पुसता येतं. ते बिल किती जणांनी बघितलंय हे आधी सांगा.

धागाकर्ता:
दोघांनीच. मी आणि सही करणारे साहेब 😐

प्रतिसाद १:
मग बिल जोडूच नका, रक्कमही लिहू नका. अमुक महिन्यात शूज आले का ते गेटच्या वहीत बघा, एवढंच लिहा, पुढचं ते शोधतील. आणि ऑफिसात 'सदरहू' फक्त तुम्हीच लिहित असाल तर तेही काढा.

धागाकर्ता:
सदरहूचं कसं ओळखलंत! वही तर गेटवर उघडीच पडलेली असते, टेम्पोवाले पण चाळतात. तसंच करतो.