सुकं डॉगफूड: २०० चं की ३५० चं?

खानापूरकर: २० किलोचं गावठी कुत्रं, वय ३. बेळगावात किलोला २०० चंही मिळतं, ३५० चंही. कुठलं परवडेल?

निपाणीकर: किलोचा भाव सोडा, दिवसाचा खर्च काढा. या वजनाला साधारण १०४० किलोकॅलरी लागतात. २०० वाल्याच्या किलोत ३३०० असतील तर दिवसाला ३१५ ग्रॅम, ६३ रुपये. ३५० वाल्यात ४००० असतील तर २६० ग्रॅम, ९१ रुपये. भावातला फरक पाऊणपट, पण दिवसाच्या खर्चातला फरक निम्मापटही नाही.

शहापूरवाला: घटकांत पहिलं 'ताजं चिकन' बघून भुलू नका, त्यात ७० टक्के पाणीच. मका दोन-तीन नावांनी आला असेल तर बेरीज करा, एकूण मकाच जास्त निघू शकतो.

निपाणीकर: आणि सुट्टं नकोच! खानापूरच्या पावसात बुरशी धरते, तिचं विष यकृतावर जातं. ब्रँड बदलताना ७ दिवस जुन्यात मिसळत न्या, नाहीतर जुलाब.